हवामान-रडारची रंगसारणी : एका संकेताचा इतिहास

हवामान-रडारच्या पडद्यावर दिसणारे रंग हे मेघांचे रंग नव्हेत. रडार सूक्ष्मतरंग सोडते, पर्जन्यबिंदूंवरून परतलेल्या तरंगांची शक्ती मोजते आणि तीवरून एक संख्या काढते. त्या संख्येला कोणता रंग द्यावयाचा, हे निसर्गाने नव्हे, मनुष्याने ठरविलेले असते. ज्या कोष्टकात हा निर्णय नोंदलेला असतो, त्यास रंगसारणी म्हणता येईल. शब्द व अर्थ यांच्या संबंधाप्रमाणे संख्या व रंग यांचा हा संबंधही सांकेतिक आहे. आणि इतर संकेतांप्रमाणे त्यालाही इतिहास आहे.

आरंभीचा पडदा एकरंगी होता. दुसऱ्या महायुद्धात विमाने हुडकणारे रडार युद्धोत्तर काळात पर्जन्याच्या अभ्यासाकडे वळले. १९४८ मध्ये मार्शल व पामर यांनी पर्जन्यबिंदूंच्या आकारमानाचे वितरण सूत्रबद्ध केले, आणि परावर्तनावरून पर्जन्यमान काढण्यास आधार मिळाला. तथापि निरीक्षक वाचीत असे ते मुख्यतः आकार. ९ एप्रिल १९५३ रोजी इलिनॉय राज्यात टोर्नेडोशी निगडित असा आकड्याच्या आकाराचा प्रतिध्वनी छायाचित्रित झाला, तो केवळ उजेड-अंधाराच्या चित्रात. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील रडारांवर तीव्रतेच्या सहा पायऱ्या रूढ झाल्या. त्यांचे उंबरठे साधारणतः १८, ३०, ४१, ४६, ५० व ५७ डीबीझेड असे होते. डीबीझेड हे परावर्तनाचे लघुगणकीय एकक होय. हे उंबरठे समान अंतरावर नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. अर्थाचे विभाजन रंगांवर नव्हे, तर वादळाच्या उपद्रवक्षमतेवर आधारलेले होते.

१९९० च्या दशकात अमेरिकेत डॉप्लर रडारांचे नवे जाळे उभारले गेले. त्याच्या परिचित सारणीत दर ५ डीबीझेडला छटा बदलते : २० पासून हिरवा, ३५ पासून पिवळा, ५० पासून तांबडा, ६५ पासून किरमिजी. या पायऱ्यांचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होते. त्या जाळ्यात प्रचलित असलेल्या सूत्रानुसार ४० डीबीझेड म्हणजे ताशी सुमारे १२ मिलिमीटर पाऊस, तर ५० डीबीझेड म्हणजे सुमारे ६३ मिलिमीटर. दहाच्या अंतराने पाऊस पाचपट होतो.

२००५ च्या सुमारास ‘जीआरलेव्हल३’सारख्या संगणक-प्रणाली प्रचारात आल्या आणि सारणी रचण्याचा अधिकार वापरकर्त्याच्या हाती गेला. ही सारणी म्हणजे एक साधी मजकूर-फाइल असते. प्रत्येक ओळीत एक मूल्य आणि तांबडा, हिरवा व निळा यांची ० ते २५५ मधील प्रमाणे लिहावयाची. दोन ओळींमधील छटा प्रणाली क्रमाने भरते. या स्वातंत्र्याची गरज खरी होती. हिमवर्षावाचे परावर्तन बहुधा क्षीण असते, म्हणून त्याच्या अभ्यासकास खालच्या मूल्यांत अधिक छटा हव्या असतात; गारांचा अभ्यासक त्या ५० च्या वर मागतो.

परंतु तांबडा रंग ५० वरून ४० वर आणला, तर १२ मिलिमीटरचा पाऊस ६३ च्या वेशात दिसतो. उलट केल्यास खरे संकट पिवळ्यात लपते. शिवाय इंद्रधनुष्यी सारणीत एक अंगभूत दोष आहे. पिवळा रंग सर्वांत उजळ असल्याने दृष्टी मधल्या मूल्यांकडे ओढली जाते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्क्यांना हिरवा व तांबडा यांतील भेद नीट कळत नाही, ही अडचण वेगळीच. म्हणूनच उजळपणा एकाच दिशेने बदलत जाणाऱ्या सारण्यांचा पुरस्कार गेल्या काही दशकांत वाढला आहे. कधी वास्तवच सारणीबाहेर जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळाचा पाऊस दर्शविण्यास नकाशातील रंग अपुरे पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेला १५ इंचांपुढील पावसासाठी नव्या छटा जोडाव्या लागल्या.

अखेर, एकच रंग अनेकार्थी असतो, हेही विसरता येत नाही. परावर्तनाच्या चित्रात तांबडा म्हणजे तीव्र प्रतिध्वनी. अमेरिकी पद्धतीच्या डॉप्लर वेगाच्या चित्रात तोच रंग रडारपासून दूर जाणारा वारा दाखवितो. आणि भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यात तो तत्काळ कृतीची सूचना देतो. भाषेत अनेकार्थी शब्दाचा निर्णय संदर्भाने होतो. येथे तो संदर्भ म्हणजे चित्राशेजारची मापपट्टी. स्वतःची सारणी रचणे म्हणजे स्वतःची बोली घडविणे होय. बोलीस आक्षेप नाही. पण ज्या चित्रावरून इतरांनी घर सोडावे की थांबावे हे ठरावयाचे आहे, त्यासोबत तिचा कोश दिलाच पाहिजे.