लाल गाड्यांचे शहर

श्रोतेहो, गावात एस.टी. आली नाही म्हणजे काय होते, हे तुम्हांला सांगावयास नको. तालुक्याच्या शाळेत जाणारी मुले घरी राहतात, दवाखान्यात निघालेली म्हातारी फाट्यावरूनच परत फिरते, आणि ज्याच्या दारात स्वतःची फटफटी उभी आहे त्याचे मात्र काहीएक अडत नाही. आज ज्या शहराची हकीकत मी सांगणार आहे, तेथे गाडी येण्याची बंद झाली ती एका दिवसापुरती नव्हे, तर सत्तावीस वर्षांहून अधिक काळ. आणि ते शहर काही गरीब मुलखातले नव्हे. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस.

या शहराचे एक उपनगर, हॉलिवुड, सिनेमामुळे जगाला ठाऊक आहे. दुसरी ख्याती मोटारींची. आठ-आठ, दहा-दहा पदरी रस्ते, एकावर एक चढलेले पूल, आणि कोपऱ्यावरून पाव आणावयाचा म्हटले तरी मोटार काढणारी माणसे. हे शहर मोटारीनेच वसवले, असा समज सर्वत्र आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गातही कोणी असेच सांगितले तर त्याला थोडे थांबवा. कारण खरी गोष्ट उलटी आहे. हे शहर ऐसपैस पसरले ते मोटारीमुळे नव्हे, विजेच्या गाडीमुळे.

१९०० साली लॉस एंजेलिसची वस्ती एक लाखाच्या थोडी वर होती. हेन्री हंटिंग्टन नावाचे एक धनिक तेथे आले होते. त्यांचे चुलते आगगाडीच्या धंद्यातले बडे प्रस्थ. पुतण्याने आधी शहरातली ट्राम विकत घेतली आणि १९०१ साली 'पॅसिफिक इलेक्ट्रिक' ही दुसरी कंपनी काढली. शहरातल्या पिवळ्या गाड्या आणि गावोगाव जाणाऱ्या लाल गाड्या, अशी लोकांनी त्यांची ओळख ठेवली. १९०२ च्या जुलै महिन्यात लाल गाडी वीस मैलांवरच्या लाँग बीच या समुद्रकाठच्या गावी पोचली. वीस मैल म्हणजे बैलगाडीची दिवसभराची मजल. पुढे या कंपनीचे रूळ हजार मैलांच्या वर गेले. संत्र्यांच्या बागांतून, मोकळ्या माळरानातून ती गाडी घंटा वाजवीत जावयाची.

आता तुम्ही विचाराल, माळरानातून गाडी नेऊन उतारू कोठून मिळणार? व्यवहारी माणसाचा हा रास्त प्रश्न आहे, आणि हंटिंग्टन तर पक्के व्यवहारी. त्यांच्या जमीन-खरेदीच्या कंपन्याही होत्या. आधी जमीन घ्यावयाची, मग तेथवर रूळ न्यावयाचे, आणि रूळ आले की जमिनीचे तुकडे पाडून घरांसाठी विकावयाचे. गाडीच्या तिकिटात मिळकत बेताची. खरा पैसा जमिनीत. मासा पकडताना गळाला आमिष लावतात, तशी ती गाडी होती. मासा लागल्यावर आमिषाची काळजी कोण करतो? १९१० च्या सुमारास हंटिंग्टन यांनी लाल गाड्या मोठ्या रेल्वेकंपनीस देऊन टाकल्या. घरे मात्र दूरदूर बांधली गेली होती, आणि त्यांतल्या माणसांना रोज कामावर जावयाचे होते. पुढे जे घडले त्याचे मूळ मला येथे दिसते.

याच सुमाराची एक गंमत मध्येच सांगतो. मोटार येण्यापूर्वी सायकलीचे वेड फार होते. पॅसाडीना या जवळच्या गावचे होरेस डॉबिन्स यांनी लॉस एंजेलिसपर्यंत नऊ मैलांची सायकलवाट बांधण्याचा बेत केला. साधी वाट नव्हे. लाकडी खांबांवर उचललेली, वर विजेचे दिवे लावलेली, आणि प्रवेशाला दहा सेंट टोल. १ जानेवारी १९०० रोजी तिचा सव्वा मैलाचा पहिला तुकडा खुला झाला. पुढचा तुकडा कधी झालाच नाही. काही वर्षांनी लाकूड विकून टाकले. जेथून ती सायकलवाट जावयाची होती, त्याच ओढ्याच्या खोऱ्यातून १९४० च्या डिसेंबरात केवळ मोटारींसाठी बांधलेला रस्ता सुरू झाला. पश्चिम अमेरिकेतील द्रुतगती रस्त्यांत त्याचा मान पहिला धरतात.

मोटार आली ती प्रथम श्रीमंताघरचे खेळणे म्हणून. पण १९२५ च्या सुमारास त्या शहरात दर तीन माणसांमागे एक तरी मोटार होती. दूर घरे, चांगली हवा, जवळच तेलाच्या विहिरी. मोटार रुजायला आणखी काय हवे! त्यात ट्रामचे रूळ शहराच्या मध्यभागी सार्वजनिक रस्त्यातूनच गेलेले. मोटारी आडव्या येऊ लागल्या तशा ट्रामगाड्या तुंबू लागल्या. ट्राम उशिरा येते म्हणून माणूस मोटार घेई, आणि त्याच्या मोटारीमुळे ट्रामला आणखी उशीर होई. १९२० च्या एप्रिलात नगरसभेने धाडस केले. कामाच्या वेळात मध्यवस्तीत मोटार उभी करण्यास बंदी घातली. ट्राम लगेच सुरळीत चालू लागली. पण दुकानदार ओरडले की गिऱ्हाईक तुटले, मोटारवाल्यांनी मिरवणूक काढली, आणि तीन आठवड्यांच्या आत बंदी ढिली झाली. १९२६ साली आगगाड्यांसाठी शहरात उंचावरून लोहमार्ग बांधावा की नाही यावर मतदान झाले, तेव्हा लोकांनी नको म्हटले. ही दोन्ही माणसे, म्हणजे दुकानदार आणि मतदार, काही दुष्ट नव्हती. त्या त्या दिवशीची सोय त्यांनी पाहिली इतकेच.

लाल गाड्या कशा गेल्या याविषयी अमेरिकेत एक कथा फार प्रिय आहे. मोटार-कंपन्यांनी कट करून ट्राम विकत घेतली आणि मारून टाकली, अशी ती कथा. तिच्यात तथ्य किती? १९४५ मध्ये 'नॅशनल सिटी लाइन्स' या कंपनीने पिवळ्या गाड्या घेतल्या. तिच्यामागे जनरल मोटर्स, फायरस्टोन, कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड ऑइल यांचा पैसा होता हे खरे. १९४९ साली शिकागोच्या न्यायालयात या मंडळींवर दोषही शाबीत झाला. तो बसगाड्या, इंधन व टायर यांची विक्री आपल्याच हाती ठेवण्याच्या कटाचा. कंपन्यांना प्रत्येकी पाच हजार डॉलर दंड, आणि आरोपी गृहस्थांना एकेक डॉलर! पण सगळी वाहतूकच ताब्यात घेण्याच्या कटाचा आरोप ज्यूरीने मानला नाही. शिवाय लाल गाड्या या कंपनीच्या नव्हत्याच. त्या आधीपासूनच तोट्यात होत्या, एकेक मार्ग बंद होत होता. कटाची कथा सोपी आहे, दोष दुसऱ्याच्या माथी जातो, म्हणून ती टिकली असे मला वाटते.

अखेरची लाल गाडी धावली ती लाँग बीचच्याच मार्गावर, १९६१ च्या एप्रिलात. ३१ मार्च १९६३ रोजी पिवळ्याही बंद झाल्या. योगायोग असा की बरोबर एक वर्षाने, ३१ मार्च १९६४ ला, आपल्या मुंबईतली शेवटची ट्राम गेली. मुंबईला लोकल होती. लॉस एंजेलिसला बसशिवाय काही उरले नाही.

यादरम्यान तेथील आकाश बिघडले होते. १९४३ च्या जुलै महिन्यात एके दिवशी शहरावर असा काही धूर बसला की लोकांचे डोळे झोंबू लागले, घसे धरले. युद्धाचे दिवस, शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशी शंका आली. मग एका रबराच्या कारखान्यावर आळ गेला. तेथील काम थांबवले तरी धुरके जाईना. शेतकऱ्यांच्या पालकाची पाने करपू लागली. त्या भागातील संशोधनसंस्थेत हागेन-स्मिट नावाचे मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ होते. ते अननसाला वास कशाने येतो याचा शोध घेत होते. अननस बाजूला ठेवून त्यांनी हवा तपासली, आणि १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिले की मोटारींचा धूर आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांतील वाफा यांच्यावर ऊन पडले की हवेतच ओझोन तयार होतो. अशा धुरक्यानेच डोळे झोंबतात आणि पाने करपतात. मोटारवाल्या कंपन्यांना हे पटावयास बराच वेळ लागला. १९७५ पासून नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारी नळी बसू लागली आणि पुढे हवा पुष्कळ निवळली. मोटारींची संख्या मात्र कमी झाली नाही, आणि ज्याच्यापाशी मोटार नाही त्याची वाट त्या नळीने थोडीच मोकळी होणार होती!

त्या माणसांकडे आता वळू. लाँग बीचच्या वाटेवर वॅट्स नावाची वस्ती आहे. लाल गाड्यांचे ते मोठे जंक्शन. रुळांवर काम करणारे मजूर प्रथम तेथे राहिले. पुढे दक्षिणेकडून आलेले काळे लोक तेथे स्थायिक झाले, कारण इतर पुष्कळ वस्त्यांत त्यांना घर मिळू देत नसत. १९६१ मध्ये शेवटची लाल गाडी वॅट्समधून गेली. चारच वर्षांनी, ११ ऑगस्ट १९६५ च्या संध्याकाळी, पोलिसांनी एका काळ्या तरुण मोटारचालकाला अटक केली आणि त्यावरून सहा दिवस जाळपोळ व गोळीबार चालला. ३४ माणसे मेली. गाडी बंद झाली म्हणून दंगा झाला, असे म्हणणे शुद्ध अन्याय होईल. वर्णद्वेष, पोलिसांची वागणूक, बेकारी ही कारणे मोठी होती. पण राज्याने नेमलेल्या चौकशी-मंडळाने त्याच डिसेंबरात जो अहवाल दिला, त्यात वाहतुकीचा प्रश्न ठळकपणे आला आहे. बसगाड्या अपुऱ्या आणि महाग, त्यामुळे वॅट्सच्या माणसाला काम शोधावयास जाणेच कठीण, असे मंडळाने लिहिले. जेथे सारे शहर मोटारीच्या मापाने कापलेले आहे, तेथे बिनमोटारीचा माणूस आपल्याच गावात परका होतो.

आणि मोटारीचे माप कसे, तेही ऐका. घर बांधा, दुकान काढा, खानावळ काढा. इतक्या मोटारी उभ्या राहतील एवढी जागा सोडलीच पाहिजे, असा नगरपालिकेचा नियम होता. जणू दर खोलीमागे एक गोठा! त्यामुळे दुकान आणि दुकान यांत डांबरी मैदाने पडली, आणि पायी चालणाऱ्याला उन्हातून लांबच लांब चालावे लागले. तेथील विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली जाडजूड ग्रंथ लिहून सांगितले की फुकट वाहनतळ फुकट नसतो. त्याची किंमत घरभाड्यात आणि भाजीच्या दरात सगळेच भरतात, ज्याला मोटार नाही तोही. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीच्या स्टेशनाजवळच्या इमारतींना अशी सक्ती करावयाची नाही.

परतीची वाट १९९० च्या जुलै महिन्यात सुरू झाली. लाँग बीचला पुन्हा विजेची गाडी निघाली, बरीचशी जुन्या लाल गाडीच्याच जागेवरून, आणि वॅट्सला थांबू लागली. २००५ मध्ये उत्तरेकडील खोऱ्यात पडीक लोहमार्गाच्या जागी केवळ बससाठी रस्ता झाला, बाजूने सायकलवाट. २०१६ मध्ये सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत गाडी गेली, तीही जुन्याच जागेवरून. जुनी जमीन विकून टाकली नव्हती तेथे काम सोपे झाले. जेथे ती मोडली होती, तेथे जमिनीखालून बोगदे खणावे लागले. पैशासाठी लोकांनी २००८ आणि २०१६ साली मतदान करून स्वतःवर विक्रीकर बसवून घेतला. १९२६ च्या मतदारांची ही नातवंडे-पतवंडे!

सगळेच सुखाने झाले असे नाही. मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या बायका, हॉटेलांतले नोकर बसने जातात. त्यांच्या बसगाड्या खच्चून भरलेल्या असताना वाहतूक-मंडळ नव्या लोहमार्गांवर पैसा ओतते आणि बसचे भाडे वाढवते, म्हणून 'बस रायडर्स युनियन' ही उतारूंची संघटना १९९४ मध्ये न्यायालयात गेली. १९९६ मध्ये तडजोड झाली. भाड्याला आळा बसला, महिन्याचा पास वाचला, नव्या बस घ्याव्या लागल्या. झाडाला पाणी घालताना शेंड्याला घालावयाचे की मुळाला, यावरचे ते भांडण होते, आणि माझे मत विचाराल तर बायकांची बाजू खरी होती.

१० ऑक्टोबर २०१० रोजी, एका रविवारी, काही मैलांचा रस्ता मोटारींना बंद करून सायकलींना व पायी चालणाऱ्यांना मोकळा केला. ही कल्पना दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहराची. आता हा उपक्रम वर्षातून अनेकदा होतो. आणि २०२४ च्या मार्चमध्ये मतदारांनी असा ठराव केला की रस्ता नव्याने डांबरायचा तेव्हा आराखड्यात लिहिलेली सायकलवाट आणि बसवाट त्यावर आखलीच पाहिजे. असे असूनही तेथील बहुतेक माणसे अजून मोटारीनेच कामावर जातात. घरे दूर बांधली गेली ती शंभर वर्षांपूर्वी. ती काही ठराव करून जवळ येत नाहीत.

वॅट्सला १९०४ साली बांधलेले लाल गाडीचे लाकडी स्टेशन होते. १९६५ च्या आगीत त्या रस्त्यावरची दुकानेच्या दुकाने जळून गेली. हे स्टेशन वाचले. त्यावेळी तेथे एकही गाडी येत नव्हती. ते आजही उभे आहे, आणि त्याच्या शेजारून लाँग बीचची गाडी जाते.