जुना सिनेमा घरी बघताय? समोरची प्रत पूर्ण आहे का, हे कसं ओळखायचं?

एखाद्या जुन्या सिनेमाचं नाव सर्च केलं की त्याच नावाचे चार-पाच व्हिडिओ समोर येतात. एक २ तास २० मिनिटांचा, दुसरा पावणेदोन तासांचा. एकावर 'फुल मूव्ही एचडी' लिहिलेलं असतं, दुसऱ्यात माणसं रुंद आणि बुटकी दिसतात. आपण वरचा पहिला लावून मोकळे होतो. त्यात एखादं गाणं किंवा अख्खा प्रसंग गायब असला तरी कळत नाही, कारण मूळ सिनेमा आपण पाहिलेलाच नसतो.

एकाच सिनेमाच्या इतक्या वेगवेगळ्या प्रती का?

जुने सिनेमे फिल्मच्या रिळांवर असायचे. थिएटरमध्ये फिरून फिरून प्रिंट झिजायची, तुटायची. तुटलेला भाग कापून पुढचा जोडला जायचा. नंतर टीव्हीवर जाहिरातींसाठी वेळ काढायला कात्री लागली. व्हिडिओ सीडीच्या एका चकतीत साधारण ८० मिनिटंच मावायची, त्यामुळे तिथेही काटछाट व्हायची. आज ऑनलाइन दिसणाऱ्या अनेक प्रती अशाच टीव्ही किंवा सीडीवरून आलेल्या आहेत.

काही सिनेमे तर उरलेच नाहीत. १९३१ चा 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट, पण त्याची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळकेंच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच शिल्लक आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म भडकन पेट घ्यायची. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या. शिवाय कृष्णधवल फिल्ममधली चांदी काढण्यासाठीही कितीतरी प्रिंट नष्ट केल्या गेल्या.

लांबी कशी तपासायची?

सुरुवातीला येणारं सेन्सॉर प्रमाणपत्र स्किप करू नका. तिथे व्हिडिओ थांबवा. जुन्या प्रमाणपत्रावर सिनेमाची लांबी मीटर किंवा फुटांत आणि रिळांची संख्या दिलेली असते.

३५ मिलिमीटरची बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सच्या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला ९० फूट किंवा सुमारे २७.४ मीटर. म्हणून मीटरच्या आकड्याला २७.४ ने भागा. ४,००० मीटर लिहिलं असेल तर सिनेमा साधारण १४६ मिनिटांचा हवा. व्हिडिओ १२० मिनिटांचा निघाला, तर जवळपास अर्धा तास कापला गेलाय.

थोडा फरक मात्र चालतो. भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम्स असायच्या, त्यामुळे १५० मिनिटांचा सिनेमा काहीही न कापता १४४ मिनिटांत संपू शकतो.

चित्र बरोबर आहे का?

१९५० च्या दशकापर्यंत बहुतेक भारतीय सिनेमांची चौकट जवळपास चौकोनी होती. आजच्या टीव्हीवर त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पट्ट्या नसतील तर चित्र ताणलंय किंवा वरून-खालून कापलंय. नाचात पाय दिसत नसतील, कपाळं कापलेली असतील, तर हेच कारण.

'कागज के फूल' (१९५९) या भारताच्या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटाचं उलट आहे. त्यात पट्ट्या वर आणि खाली हव्यात.

रंगांकडेही लक्ष द्या. १९६० चा 'मुघल-ए-आझम' बराचसा कृष्णधवल होता. संपूर्ण रंगीत आवृत्ती २००४ मध्ये आली. तीही जरूर बघा, पण १९६० च्या प्रेक्षकांनी पाहिलेला सिनेमा तो नव्हे.

टीव्हीची एक सेटिंगही बदला. 'मोशन स्मूदिंग' चालू असेल तर टीव्ही स्वतःच मधल्या फ्रेम्स तयार करतो आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. ते बंद करा.

ओटीटीवर काल होता, आज नाही. असं का?

प्लॅटफॉर्म सहसा सिनेमा विकत घेत नाहीत, ठरावीक मुदतीसाठी हक्क घेतात. मुदत संपली की सिनेमा जातो. जुन्या सिनेमांत निर्मिती संस्था बंद पडलेली असते किंवा हक्क वारसांत विभागलेले असतात. मग नवा करार करायचा कोणाशी, हाच प्रश्न उरतो.

भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९५३ च्या 'श्यामची आई'साठी ही मुदत २०१३ अखेर संपली. पण कथा, गीतं, संगीत यांचे हक्क वेगळे असतात. ते साधारणपणे निर्मात्या कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. म्हणून 'जुना आहे, म्हणजे सगळं फुकट' असं समजून अपलोड करू नका.

चांगली प्रत कुठे मिळेल?

आधी निर्मिती संस्थेचं किंवा हक्कधारकाचं अधिकृत यूट्यूब चॅनल बघा. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेलं 'वेव्हज' आणि 'इंटरनेट आर्काइव्ह' इथेही शोधता येईल. 'रिस्टोअर्ड' हा शब्द दिसला, तर ते कोणी केलं हे वाचा. खऱ्या रिस्टोरेशनमध्ये मूळ निगेटिव्ह किंवा उत्तम प्रिंट शोधून एकेक फ्रेम दुरुस्त करतात. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) असाच दुरुस्त केला आणि २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. नुसतं सॉफ्टवेअरने चकाकवलेलं 'फोर-के' म्हणजे रिस्टोरेशन नव्हे.

घरात जुनी रिळं असतील तर?

तंबू सिनेमा किंवा थिएटर चालवणाऱ्या कुटुंबांकडे अजूनही डबे असू शकतात. ते भंगारात देऊ नका, आगीजवळ ठेवू नका आणि स्वतः उलगडू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. ऑनलाइन प्रतीत गाळलेला प्रसंग कदाचित त्याच डब्यात असेल.