पहिले एअर पिस्तूल

एअर पिस्तूल, पहिले : नेमबाजी शिकू लागलेल्या व्यक्तीने स्वतःसाठी घेतलेले स्पर्धेच्या नियमांत बसणारे पहिले हवेचे पिस्तूल. भारतात पिस्तुलाच्या नेमबाजीकडे वळणारा जवळजवळ प्रत्येक जण १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारापासून सुरुवात करतो. या पिस्तुलाला परवाना लागत नाही, बार उडाल्यासारखा आवाज होत नाही आणि दहा मीटर लांबीचे बंदिस्त सभागृह सरावाला पुरते. मात्र नव्या परदेशी पिस्तुलाची किंमत लाखाच्या वर जाते. ही खरेदी बहुतेक घरांत एकदाच होते आणि तिच्यातली चूक नेमबाजाच्या मनगटात वर्षानुवर्षे मुरत राहते. म्हणून हा विषय बाजारातल्या इतर खरेदीपेक्षा गंभीरपणे घ्यावा लागतो.

प्रकार आणि नियम : १० मीटर एअर पिस्तूल १९७० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोघांसाठी त्याचा समावेश झाला. पूर्वी महिलांसाठी ४० फैरी असत. २०१८ पासून दोघांनाही ६० फैरी आहेत. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात, त्याआधी तयारी आणि नेम जुळवण्यासाठी १५ मिनिटे. नेमबाज उभा राहून एकाच हाताने पिस्तूल धरतो. मनगटाला कसलाही आधार चालत नाही. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम. संपूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. दुर्बीण किंवा भिंगाची साइट चालत नाही. मागची खाच आणि पुढची पट्टी एवढेच साधन.

दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. छऱ्याची कड वर्तुळाला नुसती टेकली तरी गुण मिळतो, त्यामुळे छऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. आता पिस्तुलाच्या दोन साइट्समधले अंतर धरू सुमारे ३३० मिलिमीटर. खाचेत पट्टी पाव मिलिमीटरने डावीउजवीकडे सरकली तर दहा मीटरवर छर्रा साडेसात मिलिमीटरने सरकतो, म्हणजे दहा जेमतेम वाचतो. पट्टी पूर्ण एक मिलिमीटर सरकली तर छर्रा ३० मिलिमीटर लांब जातो आणि सात मिळतात. याउलट साइट्स एकमेकींशी बरोबर जुळलेल्या असताना अख्खा हातच आठ मिलिमीटरने हलला, तर छर्राही फक्त आठच मिलिमीटरने हलतो. हात थरथरतो म्हणून नवखा घाबरतो, पण खरे नुकसान थरथरीने होत नाही. ट्रिगर दाबताना मनगट किंचित मुडपते आणि साइट्स बिघडतात, त्याने होते. पहिले पिस्तूल निवडताना सगळा विचार इथून सुरू झाला पाहिजे : कोणत्या पिस्तुलात या हाताचे मनगट सरळ आणि स्थिर राहील?

मूठ : नळी हा पिस्तुलाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे दुकानात शिरणाऱ्याला वाटते. स्पर्धेच्या दर्जाचे कोणतेही पिस्तूल शिकंज्यात आवळून चालवले तर दहा मीटरवर सगळे छर्रे जवळपास एकाच भोकातून जातात. कंपन्यांच्या नळ्यांमधला फरक नवोदिताच्या गुणांमध्ये दिसत नाही. मुठीतला फरक पहिल्या दिवशी दिसतो.

लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि उजव्या किंवा डाव्या हातासाठी वेगवेगळी मिळते. तळहाताच्या खालच्या कडेला टेकणारी पट्टी वरखाली सरकवता येते. मूठ हाताला बसते की नाही, हे पाहण्याची चांगली रीत आहे. लक्ष्यासमोर उभे राहायचे, पिस्तूल हातात नीट बसवायचे, डोळे मिटून हात उचलायचा, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि मग डोळे उघडायचे. साइटची पुढची पट्टी खाचेच्या मधोमध आली असेल तर मूठ जवळपास बरोबर आहे. दर वेळी ती डावीकडे किंवा वर दिसत असेल तर मूठ मनगटाला वळवते आहे. हे पाच-सहा वेळा करून पाहावे. एकदाच करून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये.

मोठ्या मुठीत लहान हात घालून ‘वाढत्या वयाला बरे’ म्हणणारे पालक पुष्कळ भेटतात. शाळेचा गणवेश असा घेता येतो, पिस्तुलाची मूठ नाही. सैल मुठीत मूल बोटे आवळते, आवळलेली बोटे ट्रिगरच्या बोटालाही आखडवतात आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. वाढत्या मुलासाठी लहान मूठ घ्यावी आणि हात वाढला की मूठ बदलावी. अख्खे पिस्तूल बदलावे लागत नाही. मूठ थोडी सैल किंवा बोचरी असेल तर दोन भाग मळून लावायच्या पुट्टीने ती भरतात आणि काचपेपरने घासतात. हे काम प्रशिक्षकासमोर करावे, आणि भर घालण्याआधी पंधरा दिवस तरी त्याच मुठीवर सराव करावा. हाताला सवय नसणे आणि मूठ चुकीची असणे या दोन गोष्टी सुरुवातीला सारख्याच जाणवतात.

ट्रिगर : स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो मऊपणे मागे येतो, मग हलकी अडचण जाणवते आणि तिच्यापुढे दाब वाढला की छर्रा सुटतो. नळी वर उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचलले जाऊनही ट्रिगर सुटला नाही तर पिस्तूल नियमात बसते. ट्रिगरची पाती पुढेमागे सरकवता येते का आणि तिरकी करता येते का, हे पाहावे. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग पातीवर सरळ टेकला पाहिजे.

यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक असे दोन प्रकारचे ट्रिगर येतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय स्वच्छ सुटतो, पण त्याला विजेरी लागते आणि तो बिघडला की गावच्या कारागिराच्या हातात काही उरत नाही. नवोदिताने यांत्रिक ट्रिगरवर शिकावे, असा या नोंदीचा स्पष्ट कल आहे. कोणत्याही पिस्तुलाचा एखादा भाग ऐन वेळी दगा देऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत भारताच्या मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, त्यात तिचा मोलाचा वेळ गेला आणि ती बाराव्या स्थानावर राहिली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसला याच प्रकारात कांस्यपदक जिंकली आणि सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक कांस्यही.

वजन : बहुतेक पिस्तुले ९०० ग्रॅम ते १ किलोच्या आसपास असतात. साठ फैरींसाठी हात साठ वेळाच उचलला जातो असे नाही. नेम नीट लागला नाही की फैर न झाडता हात खाली आणायचा असतो, आणि चांगले नेमबाज हे निःसंकोचपणे पुन्हा पुन्हा करतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या खांद्याला हा भार सोसेलच असे नाही. अशांसाठी आखूड नळीची हलकी पिस्तुले निघतात. साइट्समधले अंतर थोडे घटते, पण थकलेल्या खांद्याने होणारे नुकसान त्याहून मोठे असते. मोठ्या माणसाने पिस्तूल पुढे जड हवे की मागे, हे हातात धरून ठरवावे. बरीच पिस्तुले नळीखाली सुटी वजने लावायची सोय देतात, आणि सुरुवातीला ती काढून ठेवलेलीच बरी.

चाळिशीनंतर नेमबाजीला येणाऱ्यांना वेगळी अडचण असते. नजर पुढच्या पट्टीवर स्थिर ठेवायची असते, लक्ष्यावर नाही, आणि हातभर अंतरावरची पट्टीच त्यांना धूसर दिसते. अशांनी मागच्या खाचेची रुंदी बदलता येणारे पिस्तूल घ्यावे. पट्टीच्या दोन्ही बाजूंना जरा जास्त उजेड ठेवला की डोळ्याला आराम पडतो. चष्म्याचा नंबर त्या अंतरासाठी वेगळा काढून घेणे हे पिस्तूल बदलण्यापेक्षा स्वस्त आणि अधिक गुणकारी.

हवा कुठून येते : स्प्रिंगच्या जोरावर चालणारी साधी पिस्तुले बाजारात स्वस्त मिळतात. स्प्रिंग सुटताना पिस्तूल आधी एका दिशेला आणि लगेच उलट दिशेला धक्का देते, आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच हे घडते. ट्रिगरही जड असतो. अशा पिस्तुलावर शिकणारा धक्क्याची वाट पाहत डोळे मिचकावायला शिकतो, म्हणून ती या कामासाठी घेऊ नयेत. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीने १९६५ च्या सुमारास धक्का गिळणारे स्प्रिंगचे पिस्तूल आणले होते, पण ते वेगळ्याच योग्यतेचे यंत्र.

पुढे प्रत्येक फैरीआधी एकदाच तरफ ओढून हवा दाबायची पिस्तुले आली. रशियाच्या इझेव्स्कमधले ‘आयझेडएच-४६’ त्यातले जगभर नवोदितांचे लाडके, कारण ते साधे, टिकाऊ आणि नेमाला पक्के. दर फैरीला तरफ ओढण्याचे श्रम हा त्याचा दोष. मग कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांचे युग आले. तापमान बदलले की त्यांचा दाब बदलतो. आज स्पर्धेत जवळपास सर्वत्र दाबलेल्या हवेचे सिलिंडर असतात. दाब सुमारे २०० बार, एका भरणीत साधारण दीडशे फैरी. सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि कंपन्या सहसा दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ते वापरणे धोक्याचेही आहे.

कोकण-मुंबईच्या हवेत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर ओलावाही आत जातो आणि आतून गंज धरतो. पंपाला हवा कोरडी करणारा फिल्टर नसेल तर रेंजवरच्या मोठ्या टाकीतून हवा भरावी.

जुने पिस्तूल : हौस टिकेल की नाही हे माहीत नसताना वापरलेले पिस्तूल घेणे शहाणपणाचे असते. पुढच्या स्पर्धांकडे वळलेले नेमबाज आपली पिस्तुले विकतात. सिलिंडरची तारीख पाहावी, पूर्ण भरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी दाबमापकाचा काटा उतरला आहे का ते पाहावे. उतरला असेल तर रबरी कड्या गेल्या आहेत, आणि त्या बदलता येतात. ट्रिगर ५०० ग्रॅमला टिकतो का, हे वजन लावून तपासावे. मूठ आधीच्या मालकाने आपल्या हातासाठी घासलेली असतेच, म्हणून नव्या मुठीची किंमत हिशेबात धरावी.

आधी क्लब : पहिले पिस्तूल खरेदी करण्याआधी तीन-चार महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव करणे हा या विषयातला सर्वांत मोलाचा सल्ला आहे, आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो. मुंबईत वरळीची रेंज, पुण्यात बालेवाडीचे क्रीडासंकुल, कोल्हापुरात दुधाळीची रेंज अशी ठिकाणे महाराष्ट्रात आहेत. तिथे दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची पिस्तुले हातात येतात आणि स्टायर, वाल्थर, मोरिनी, पार्दिनी ही नावे ऐकीव राहत नाहीत.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली. तिच्या स्थापनेत लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांचा पुढाकार होता. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी नवे नेमबाज ज्या स्पर्धेत उतरतात, ती त्यांच्याच नावाने ‘मावळणकर’ म्हणून ओळखली जाते. ती गाठायला सर्वांत महाग पिस्तूल लागत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसुफ डिकेच नेहमीचा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र सांघिक रौप्यपदक घेऊन गेला, ते जगाने पाहिले. त्याच्या हातातले पिस्तूल मात्र उत्तम आणि त्याच्या मुठीत बसलेले होते, हे त्या छायाचित्रांच्या कौतुकात निसटले.

कायदा आणि सुरक्षितता : शस्त्र नियम २०१६ नुसार ज्या हवाई शस्त्राच्या नळीचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा किंवा मुखाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त आहे, त्याला परवाना लागतो. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने फेकणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा ज्यूल भरते, म्हणजे ते मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. तरी खरेदी ओळखपत्र देऊन आणि पावती घेऊनच करावी, आणि प्रवासात ती पावती जवळ ठेवावी. पाच ज्यूल डोळा कायमचा घालवायला पुरेसे असतात. पिस्तूल वापरात नसताना नळीतून रंगीत दोरी आरपार घालून ठेवायची, नळीचे तोंड कायम लक्ष्याकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, घरी पेटीला कुलूप. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.

एअर पिस्तुलावर हात बसल्यानंतर काही जण २५ मीटरच्या प्रकारांकडे वळतात. कोल्हापूरची राही सरनोबत त्यातलीच. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात तिने सुवर्ण जिंकले आणि २०१८ मध्ये ती आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. तिच्या २५ मीटर प्रकारात .२२ बोअरचे दारूचे पिस्तूल लागते, ट्रिगरचा किमान भार १००० ग्रॅम असतो आणि शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना घ्यावा लागतो. स्वतःच्या नावाने परवाना मिळण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात. त्याआधी कनिष्ठ नेमबाज क्लबच्या देखरेखीखाली, क्लबच्याच शस्त्रावर सराव करतात.