नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटे: ॲपच्या जाहिरातचित्रांचा छोटा इतिहास

(धागा) ॲपलच्या जाहिरातीतला आयफोन नीट पाहा. पडद्यावर बहुधा वेळ दिसते ९:४१. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्झ यांनी पहिला आयफोन जगासमोर आणला. भाषण सकाळी ९ वाजता सुरू व्हायचे, चाळीस मिनिटांच्या आसपास फोनचे मोठे चित्र मागच्या पडद्यावर झळकायचे, आणि त्या चित्रातील घड्याळ सभागृहातल्या खऱ्या वेळेशी जुळायला हवे, असा बेत होता. थोडी सवड धरून ९:४२ ही वेळ ठेवली गेली. २०१० साली आयपॅडच्या वेळी ती ९:४१ झाली.

चित्र खरे ठरावे, या हट्टातून हा तपशील जन्मला. पुढे त्याची नुसती रीत उरली. ॲपच्या जाहिरातचित्रांचे काहीसे असेच झाले.

१० जुलै २००८ रोजी ॲप स्टोअर उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० ॲप होती. दुकान असे, की माल हाताळून पाहायची सोय नाही. गिऱ्हाइकाला दिसे ते नाव, छोटे चिन्ह, थोडा मजकूर आणि पडद्याची छायाचित्रे, म्हणजेच स्क्रीनशॉट. फोनची दोन बटणे एकदम दाबली की ३२० बाय ४८० बिंदूंचे चित्र तयार होई, आणि तेच जसेच्या तसे दुकानात लागे. ना चौकट, ना घोषवाक्य. ते चित्र म्हणजे एक प्रकारचा पुरावाच होता.

विकत घ्यायची वस्तू आणि तिचे चित्र यांतील अंतर मात्र मोबाइलहून जुने आहे. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारीच्या खेळयंत्राची खोकी आठवावीत. क्लिफ स्पोन आदी चित्रकारांनी त्यांवर विलक्षण देखणी चित्रे रंगवली; आत, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, मोजके चौकोनी ठोकळे हलत. अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी १९७९ साली ॲक्टिव्हिजन काढली, तेव्हा त्यांच्या खोक्यांवरची चित्रे प्रत्यक्ष खेळातील आकृत्यांशी मिळतीजुळती ठेवली गेली. खेळ रचणाऱ्याचे नावही छापले गेले. माझ्या मते या दोन गोष्टींचा संबंध आहे: ज्याचे नाव खोक्यावर, त्याला खोक्यातल्या मालाची लाज राखावी लागते.

पुन्हा ॲपकडे येऊ. साध्या स्क्रीनशॉटचे दिवस सरले, त्याला सौंदर्यदृष्टीइतकाच साधा हिशेबही कारणीभूत आहे. २०१० च्या आयफोन ४ ला ६४० बाय ९६० बिंदूंचे चित्र लागू लागले, २०१२ च्या आयफोन ५ ला ६४० बाय ११३६ चे. २०१४ साली आयफोन ६ आणि ६ प्लस आले. आता फोनचे चार आकार आणि शिवाय आयपॅड. प्रत्येकासाठी पाच चित्रे द्यायची म्हटली तर एका भाषेला पंचवीस, दहा भाषांना अडीचशे. ॲपमधले एक बटण हलवले, की अडीचशे चित्रे पुन्हा काढा! एकट्यादुकट्या विकसकाला हे काम हाताने झेपणारे नव्हते, आणि चित्रकार नेमण्याइतकी त्याची मिळकतही नसे.

साधने आली ती या पेचातून. गूगलने अँड्रॉइड विकसकांसाठी संकेतस्थळावरच एक सोय दिली होती: स्क्रीनशॉट ओढून आणून टाकायचा, तो फोनच्या चौकटीत बसून बाहेर पडे. फेलिक्स क्राउझे या ऑस्ट्रियन विकसकाने २०१४ मध्ये फास्टलेन ही साधनमाला आणली. तिच्यातील एक साधन सर्व आकारांत, सर्व भाषांत स्क्रीनशॉट आपोआप काढी, दुसरे त्यांना चौकट व मथळा जोडी. ऑस्ट्रेलियात २०१३ साली सुरू झालेले कॅनव्हा आणि २०१६ साली सर्वांसाठी खुले झालेले फिग्मा यांनी हेच काम ब्राउझरमध्ये, तयार साच्यांवर आणून ठेवले. २०१६ साली ॲपलनेही सर्वांत मोठ्या आकाराचा एकच संच पुरे, असे केले. ओझे उतरले, साचे मात्र राहिले. स्क्रीनशॉटचे भित्तिपत्रक झाले ते असे.

मधल्या काळात विश्वासाला तडेही गेले. २०१२ च्या फेब्रुवारीत ‘पोकेमॉन यलो’ नावाचे एक बनावट ॲप अमेरिकेत विक्रीच्या यादीत वर चढले. चित्रे अस्सल खेळाची, ॲप मात्र उघडताच बंद पडे. काही जण ॲप मंजूर झाल्यावर चित्रे बदलत. २०१३ च्या जानेवारीपासून ॲपलने मंजुरीनंतर चित्रे गोठवली. बदलायची तर नवी आवृत्ती पुन्हा तपासणीला द्यावी लागे. ब्रिटनमध्ये ३० सप्टेंबर २०२० रोजी तेथील जाहिरात नियामकाने ‘होमस्केप्स’ व ‘गार्डनस्केप्स’ या खेळांच्या जाहिरातींवर बंदी घातली. जाहिरातीत खिळे ओढून सोडवायची कोडी होती. मुख्य खेळ मात्र सारख्या आकृत्या जुळवण्याचा. सगळी चित्रे खेळातली नाहीत, अशी ओळ जाहिरातीत होती. तेवढ्याने भागले नाही.

मराठीपुरते पाहिले तर या साधनांनी एक मोठी अडचण दूर केली. फोटोशॉपसारख्या प्रणालीत देवनागरी नीट जुळावी यासाठी वेगळी मांडणी निवडावी लागे. ती न निवडल्यास पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाई आणि जोडाक्षरे फुटत. आपल्याकडचे डीटीपीवाले म्हणूनच वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व फॉन्टांना धरून राहिले. ब्राउझरमध्ये अक्षरजुळणी ब्राउझर स्वतःच करतो, त्यामुळे तेथे ‘स्थिती’ हा शब्द ‘स्थिती’च राहतो. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. गूगल प्लेवर ॲपचे पान मराठीत ठेवता येते, आणि त्याची चित्रेही वेगळी देता येतात.

साचे मात्र रोमन लिपीसाठी बेतलेले. रोमन मथळ्यात अक्षरांमधले अंतर वाढवले की तो ऐटदार दिसतो. तेथे देवनागरी चिकटवली की शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळींमधले अंतर कमी असेल तर रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. दोन्ही दोष त्या अंतराचे आकडे बदलले की एका मिनिटात निघतात, पण ‘पूर्वावलोकन’ पाहणारा मराठी वाचणारा हवा.

एक दोष मात्र आकडे बदलून निघत नाही. वर ठसठशीत मथळा असतो, ‘आता आपल्या मराठीत’. खाली चौकटीतल्या फोनवर घड्याळात ९:४१ वाजलेले असतात, बॅटरी पूर्ण भरलेली असते, आणि पडद्यावरचे एकूणएक बटण इंग्रजीत असते.