खाजण, खार आणि बांध : खारेपाटातील भूमिवापराचा एक विचार

अलिबाग व पेण यांच्या दरम्यान, धरमतरच्या खाडीस लागून असलेल्या सखल प्रदेशास खारेपाट म्हणतात. भरतीचे पाणी मोकळेपणी पसरते ते खाजण. बांध घालून ते अडविले व भूमी लागवडीस आणली म्हणजे खार. भूमी एकच, मधला बांध तेवढा मनुष्यकृत. म्हणून येथील भूमिवापराचा इतिहास हा मुख्यतः बांधाची निगा कोणी राखावयाची, या प्रश्नाचा इतिहास होय, असे आम्हांस वाटते.

नुसत्या बांधाने खाजणाचे शेत होत नाही. पावसाने मातीतील क्षार विरघळतात. ओहोटीस उघाडीतून ते पाणी बाहेर सोडावयाचे आणि भरती येताच उघाडी मिटावयाची, असे काही पावसाळे चालावे लागते. तेव्हा कोठे काळा रता, भुरा रता यांसारखे क्षार सोसणारे भात तेथे धरते. पुढे बाहेरकाठ्यास एक मोठी खांड पडली, की वर्षांचे श्रम एका उधाणात बुडतात.

हा भार प्रथम कोणी उचलला? १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून रायगड) गॅझेटियरमध्ये शिलोत्री पद्धतीची नोंद आहे. शिलोत्रदाराने बांध घालावा व राखावा आणि त्याबद्दल कुळांकडून बिघ्यामागे ठराविक भात घ्यावे, असा तो व्यवहार होता. हक्क व कर्तव्य यांची ही सांगड लक्षणीय आहे. याखेरीज शेतकऱ्यांनी एकत्र येऊन श्रमाने बांधबंदिस्ती करण्याची ‘जोळ’ नावाची रीतही येथे होती. कागदोपत्री तिचा माग कमी लागतो; आमच्या मते भूमी राखली ती पुष्कळशी तिनेच.

नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये चरी येथे सुरू झालेला कुळांचा संप १९३९ पर्यंत चालला. त्या काळात जमिनी पडीक राहिल्या. हा संप केवळ खंडाचा वाद म्हणून पाहणे अपुरे वाटते. ज्या जमिनीचे खारेपण कुळांच्या श्रमाने गेले, तिच्या पिकावर प्रथम अधिकार कोणाचा, हाही प्रश्न त्यात होता.

१९४८ साली मुंबई राज्यात कूळकायदा आणि खारजमिनींविषयीचा कायदा, हे दोन्ही झाले. पहिल्याच्या पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ पासून कूळ मालक झाले. दुसऱ्याने बांधाचे काम सरकारी मंडळाकडे नेले. १९७९ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र खारभूमी विकास कायदा आला. मालकी शेतकऱ्याकडे व बांध सरकारकडे, अशी ही विभागणी झाली. तिच्यापुढे जोळ क्षीण होत गेली आणि पडलेल्या खांडी वेळेवर बुजविल्या जाईनात.

जेथे भरती पुन्हा आत आली तेथे कांदळवन वाढले. खाजणाचे खार झाले होते, त्याचे पुन्हा खाजण झाले. मात्र सातबाऱ्यावर ते भातशेतच राहिले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालाने तिला कायम स्वरूप दिले. त्यामुळे अशा शेताच्या मालकास जुन्या काठ्यावर पुन्हा माती टाकावयाची झाल्यास, प्रथम त्या झाडांच्या तोडीचाच प्रश्न उभा राहतो.