उंच केलेला ट्रक आणि चाकांचे कोन : अलाइनमेंट-तपासणीचा इतिहास

एका पिकअप ट्रकला लिफ्ट किट बसवला, मोठे टायर चढवले आणि गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर घेतली. पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे आले. आता ही गाडी रस्त्यावर न्यायला योग्य आहे का? परीक्षेत हा प्रश्न विचारला तर बहुतेक जण ‘हो’ लिहितील. हे उत्तर अपुरे का आहे, ते आपण या पाठात इतिहासाच्या आधारे पाहू.

एक सूत्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा. कॅस्टर, कॅम्बर, टो यांतला प्रत्येक कोन म्हणजे कोणत्या तरी जुन्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते उत्तर गाडीची एक ठरावीक उंची गृहीत धरून काढलेले असते. उंची बदलली की सगळी उत्तरे पुन्हा तपासावी लागतात.

१. पहिला प्रश्न : वळायचे कसे?

जुन्या चारचाकी घोडागाडीत पुढचा ॲक्सल मधल्या एका खिळीवर अख्खाच फिरत असे. जोरात वळण घेतले की आधाराचा चौकोन लहान होई आणि गाडी कलंडण्याची भीती असे. १८१७ मध्ये म्युनिकचे गाडी-कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी यावर तोडगा काढला. ॲक्सल स्थिर ठेवायचा आणि दोन्ही टोकांची चाके आपापल्या खिळीवर वळवायची. इंग्लंडमधले त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ ॲकरमन यांनी १८१८ मध्ये तिथे पेटंट घेतले, म्हणून ही रचना आजही ॲकरमन यांच्या नावाने शिकवली जाते. वळणात आतल्या चाकाला बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे लागते, हे तिचे मर्म आहे.

मोटारीपर्यंत ही कल्पना पोहोचायला वेळ लागला. कार्ल बेंझ यांची १८८६ ची मोटार तीनचाकी होती. चार चाकांना समाधानकारक स्टीअरिंग जमेपर्यंत एकच चाक पुढे ठेवणे त्यांना सोयीचे वाटले. दोन खिळींच्या स्टीअरिंगचे पेटंट त्यांनी १८९३ मध्ये घेतले.

दोन चाके दोन खिळींवर फिरू लागली, तशी त्यांना जोडणारी दांडी, म्हणजे टाय रॉड, आवश्यक झाली. दांडीची लांबी थोडी चुकली तरी चाके एकमेकांना समांतर राहत नाहीत. इथूनच ‘टो’ हे मोजमाप आले. आपल्याकडचे मेकॅनिक ‘टायर आतून खातोय’ म्हणतात, त्यामागे बहुधा हा टो असतो, नाहीतर कॅम्बर.

२. दुसरा प्रश्न : सरळ जायचे कसे?

सायकलच्या पुढच्या चाकाची खिळी किंचित मागे कललेली असते. तिची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायरच्या टेकण्याच्या जागेपुढे पडते. त्यामुळे टेकण्याची जागा खिळीच्या मागे ओढली जाते आणि चाक आपोआप सरळ होऊ पाहते. मोटारीत याच कलण्याला कॅस्टर म्हणतात. कॅस्टर कमी पडला की गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी भटकते, आणि वळणानंतर स्टीअरिंग स्वतःहून मध्यावर येत नाही.

१९२० च्या दशकात नवे संकट आले. गाड्यांचा वेग वाढला, पुढच्या चाकांना ब्रेक आले आणि १९२३ पासून फायरस्टोनने कमी दाबाचे ‘बलून’ टायर आणले. प्रवास मऊ झाला, पण विशिष्ट वेगाला पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडू लागली. या थरथरीला ‘शिमी’ म्हणतात. फ्रेंच अभियंते जॉर्ज ब्रुलिये यांनी १९२५ मध्ये तिच्यावर सविस्तर निबंध सादर केला. सलग ॲक्सलमध्ये एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. फिरते चाक असे कलले की भोवऱ्याप्रमाणे ते खिळीभोवती वळू पाहते. म्हणजे रस्त्याचा उभा धक्का स्टीअरिंगच्या आडव्या झटक्यात बदलतो.

या कोड्याचा पाठपुरावा मॉरिस ऑली यांनी केला. रोल्स-रॉइसमधून ते १९३० मध्ये कॅडिलॅककडे आले. तिथे त्यांनी हलवता येणारी वजने बसवलेली एक चाचणी-गाडी बनवली. वजनांची जागा बदलायची, गाडीत बसून फिरायचे आणि प्रवास कसा वाटतो ते नोंदवायचे, अशी पद्धत होती. पुढची स्प्रिंग मऊ केली की प्रवास सुधारतो, पण सलग ॲक्सलवर ती मऊ केली की शिमी उफाळते, हा पेच त्यातून स्पष्ट झाला. जनरल मोटर्सच्या १९३४ च्या मोटारींत पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आली, त्यामागे हा पेच होता.

या इतिहासातून एक धडा घ्या. मापे बरोबर असूनही गाडी वाईट चालू शकते. म्हणून मोजणे आणि चालवून पाहणे या दोन वेगळ्या तपासण्या आहेत.

३. ट्रक उंच कसे झाले?

अमेरिकेत मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी १९३० च्या दशकातच फोर्ड ट्रकांना चारही चाकांची ओढ बसवून देत होती. युद्धानंतर, १९४६ मध्ये, डॉजचा ‘पॉवर वॅगन’ आला. शेवरोलेने १९५७ मध्ये आणि फोर्डने १९५९ मध्ये कारखान्यातूनच फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप दिले. पुढच्या चाकांनाही ओढ द्यायची तर पुढे डिफरन्शियल बसवावे लागते, आणि त्यासाठी गाडी उंच करावी लागते. म्हणजे सुरुवातीची उंची गरजेची होती.

नंतर ती हौसेची झाली. सेंट लुईसचे बॉब चँडलर यांनी आपल्या फोर्ड एफ-२५० ला मोठे टायर आणि भक्कम ॲक्सल लावत ‘बिगफूट’ घडवला आणि १९८१ मध्ये तो जुन्या मोटारींवरून चालवून दाखवला. त्यानंतर उंच ट्रकाचे वेड पसरले आणि घरच्या गॅरेजमध्ये बसवता येणारे किट सर्रास मिळू लागले. कारखान्यातला अभियंता उंची बदलतो, तेव्हा तो सगळे सांधे पुन्हा आखतो. किट बसवणारा बहुतेक वेळा फक्त उंची बदलतो. आपल्या तपासणीची गरज या फरकातून येते.

४. एक हिशेब

१९६६ च्या फोर्ड ब्रॉन्कोची पुढची रचना घ्या. सलग ॲक्सल, कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सलपासून मागे चासीकडे जाणारे दोन रेडियस आर्म. खालची मापे हिशेबाच्या सोयीसाठी धरली आहेत.

आर्मची लांबी ९०० मिमी आणि लिफ्ट १०० मिमी मानू. आर्मचे मागचे टोक चासीबरोबर १०० मिमी वर जाते, पुढचे टोक ॲक्सलला घट्ट धरलेले असते. त्यामुळे ॲक्सल स्वतःभोवती फिरतो. फिरण्याचा कोन ज्या कोनाची ज्या (साइन) १००/९०० आहे तो, म्हणजे सुमारे ६.४ अंश. आधी कॅस्टर ४ अंश असेल तर आता तो उणे २.४ अंश होईल. चाकाला सरळ करणारा जोर जाऊन त्याच्या जागी उलटा जोर येतो. म्हणून अशा गाड्यांसाठी तिरप्या भोकाचे बुश किंवा वाकवलेले आर्म वापरून हरवलेला कॅस्टर भरून काढतात.

आता पॅनहार्ड रॉड पाहू. ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून तो एका बाजूने चासीला आणि दुसऱ्या बाजूने ॲक्सलला जोडलेला असतो. ८५० मिमीचा आडवा रॉड १०० मिमीने तिरपा झाला की त्याची आडवी लांबी सुमारे ८४४ मिमी उरते. म्हणजे ॲक्सल चासीखाली ६ मिमी एका बाजूला सरकतो. रॉड मुळातच तिरपा असेल तर जास्त सरकतो.

ड्रॅग लिंकही तिरपी होते. त्यामुळे स्टीअरिंगचे चाक मध्यावर राहत नाही आणि खड्ड्यात गाडी स्वतःहून वळते. याला ‘बंप स्टीअर’ म्हणतात. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समांतर राहिले तर हा दोष कमी राहतो, म्हणून एकाचा कोन सुधारताना दुसऱ्याचाही सुधारावा.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये दुखणे वेगळे असते. तिथे प्रत्येक चाकाचा टाय रॉड वेगळा असल्यामुळे उंची बदलताच टो बदलतो, वरचे-खालचे आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरत असल्यामुळे कॅम्बर बदलतो, आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात चालू लागतात.

५. तपासणीचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीच्या पायरीतला बदल पुढच्या पायरीचे आकडे बिघडवतो.

पहिली पायरी मशीनआधीची आहे. टायरचा दाब पाहा. सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची पट्टीने मोजा आणि डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करा. रबर बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळा. गाडी हवेत असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो, चुकीची उंची दाखवतो आणि लवकर फाटतो. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का, ब्रेकची नळी कुठे ताणली जाते का, हे पाहा.

दुसरी पायरी मागच्या ॲक्सलची. तो चासीला काटकोनात नसेल तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते, आणि पुढचा टो कितीही अचूक असला तरी स्टीअरिंग वाकडे राहते.

त्यानंतर पुढच्या चाकांचा कॅस्टर, मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो. कॅस्टर मोजण्याची जुनी रीत समजून घ्या. फिरत्या तबकड्यांवर चाक दोन्ही बाजूंना २० अंश वळवून कॅम्बर किती बदलतो ते पाहतात आणि त्यावरून कॅस्टर काढतात. आजची कॅमेऱ्याची मशीनही वळण देऊन कॅस्टर मोजताना हीच भूमिती वापरते. आमच्या प्रयोगशाळेत म्हणूनच मी विद्यार्थ्यांच्या हाती आधी दोरा आणि पट्टी देतो, मशीन नंतर.

शेवटी स्टीअरिंग-कोनाच्या सेन्सरचा शून्यबिंदू, हेडलाइटची दिशा आणि मोठ्या टायरमुळे बदललेले स्पीडोमीटरचे वाचन तपासा. नवे भाग बसून स्थिरावल्यावर, साधारण ५०० ते ८०० किमीनंतर, बोल्ट आणि कोन पुन्हा पाहा.

६. मशीन जे मोजत नाही

गाडी कलंडण्याचा साधा निर्देशांक असा : दोन चाकांमधले आडवे अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेची वाहनसुरक्षा संस्था २००१ च्या मॉडेलांपासून यावर आधारित मानांकन देऊ लागली. साधारणपणे मोटारींत हा आकडा १.३ ते १.५, तर पिकअप आणि उंच गाड्यांत १.० ते १.३ असतो.

अंतर १६०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर असेल तर निर्देशांक १.१४ येतो. १०० मिमीच्या लिफ्टने ॲक्सल वगळता उरलेले वजन वर जाते. ते ८५ टक्के धरले तर गुरुत्वमध्य ८५ मिमी वर सरकतो. त्यात मोठ्या टायरचे ४० मिमी मिळवा. नवी उंची ८२५ मिमी आणि निर्देशांक ०.९७. पिकअपसाठीच्या नेहमीच्या पट्ट्याच्याही खाली! अलाइनमेंटच्या कागदावर या आकड्याला रकानाच नसतो.

चालवून पाहण्याचे महत्त्व १९९७ मध्ये साऱ्या जगाला दिसले. स्वीडनच्या एका मोटार-नियतकालिकाच्या चाचणीत अडथळा चुकवताना मर्सिडीजची नवी, उंचट ए-क्लास कलंडली. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन बदलले आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता-नियंत्रण सर्व ए-क्लास गाड्यांत दिले. अमेरिकेत २००७ मध्ये तसा नियम झाला आणि २०११ च्या सप्टेंबरपासून नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. पण तिचे गणित मूळ गाडीच्या उंचीवर आणि टायरवर बेतलेले असते. ट्रक उंच केल्यावर ती तेवढीच सांभाळून घेईल असे गृहीत धरू नका.

म्हणून तपासणीत रस्त्यावरची चाचणी हवीच. आधी मोकळ्या आवारात कमी वेगाने पूर्ण वळणे घ्या, मग सरळ रेषेत ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहा. त्यानंतर टप्प्याटप्प्याने वेग वाढवत वळणानंतर स्टीअरिंग मध्यावर येते का, एका चाकाखाली उंचवटा आला की गाडी दिशा सोडते का, हे नोंदवा. अचानक लेन बदलण्याची चाचणी मात्र चाचणी-मैदानावर आणि तज्ज्ञांनीच करावी.

७. कायदा

हा प्रश्न केवळ गाडीमालकाच्या हौसेचा राहत नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्याने १ डिसेंबर २०२१ पासून पुढचा फेंडर मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक उंच ठेवण्यास बंदी घातली. अशा गाडीच्या चालकाला जवळचा रस्ता दिसत नाही आणि तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा आपल्याकडे तपासणीचा पहिला प्रश्न ‘कोन किती?’ हा नसून ‘हा बदल कायद्यात बसतो का?’ हा आहे.

सारांश

टो, कॅस्टर आणि स्वतंत्र सस्पेन्शन ही वेगवेगळ्या काळातल्या प्रश्नांची उत्तरे आहेत. लिफ्टमुळे ते सगळे प्रश्न एकाच दिवशी परत उभे राहतात. हिरव्या आकड्यांचा अर्थ एवढाच, की स्थिर उभ्या गाडीची चाके योग्य दिशेला पाहत आहेत. ती गाडी वळणात, ब्रेकखाली आणि खड्ड्यात कशी वागेल, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. तपासणीच्या अहवालावर उद्या तुमची सही असेल, तेव्हा हा फरक विसरू नका.

स्वाध्याय

१. रेडियस आर्मची लांबी १२०० मिमी असेल तर १०० मिमी लिफ्टने कॅस्टर किती अंशांनी कमी होईल? लांब आर्मचा फायदा या उत्तरावरून सांगा.
२. ३००० मिमी व्हीलबेसच्या गाडीची फक्त पुढची बाजू ५० मिमी उचलली, तर सबंध गाडी किती अंशांनी मागे कलेल? या कलण्याने कॅस्टर वाढेल की कमी होईल?
३. टो सर्वांत शेवटी का जुळवतात, ते कारणांसह लिहा.
४. कलम ६ मधल्या उदाहरणात निर्देशांक पुन्हा १.१४ वर आणण्यासाठी चाकांमधले अंतर किती करावे लागेल? तसे केल्याने स्टीअरिंगच्या सांध्यांवर काय परिणाम होईल, याची चर्चा करा.