मोडक्या पुतळ्याची किंमत

आमच्या जुन्नर भागात जुना घडीव दगड सापडला की दोन प्रश्न हमखास येतात. याचे किती पैसे येतील? आणि हा कोणी फोडला? दुसऱ्याचे उत्तर विचारणाऱ्याने बहुधा आधीच ठरवलेले असते. माझ्यासारखा मुसलमान मास्तर समोर असला, तर ते जरा हळू आवाजात बोलले जाते एवढेच.

आधी पैशाचे बघू. बागेत ठेवायचे ग्रीक-रोमन थाटाचे पुतळे इंग्रजी अमदानीत आपल्याकडे रुळले. काही अस्सल संगमरवरी, काही साच्यातून काढलेले. साच्यातल्या पुतळ्यावर जोडाची रेघ आणि हवेच्या बुडबुड्यांची छिद्रे सापडतात. कोरलेल्यावर छिन्नीच्या खुणा. ताजा तुटका भाग धारदार आणि स्वच्छ असतो, जुना झिजलेला आणि मळलेला. हात-डोके गेल्याने भाव उतरतो हे खरे, पण वरून नवे डोके चिकटवले की उरलेली किंमतही जाते. मुंबईची फ्लोरा आठवा. पोर्टलँड दगडातली ही रोमन फुलदेवी मुळात राणीच्या बागेसाठी होती, उभी राहिली फोर्टात. तिच्यावर वर्षानुवर्षे रंगाचे थर चढत गेले. ते काढून मूळ दगड मोकळा व्हायला २०१९ उजाडले.

शंभर वर्षांहून जुना पुतळा १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो. त्याच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खासगी माणसाला तो परदेशी पाठवता येत नाही.

आता फोडणाऱ्यांचे. मुसलमान सुलतानांच्या काळात मूर्ती फोडल्या गेल्या, ते नाकारायचे कारण नाही. पण पुतळ्यावर हात उचलणारे तेवढेच नव्हते. १८९६ मध्ये चापेकरांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, गळ्यात जोड्यांची माळ घातली. १९६५ मध्ये मुंबईत इंग्रजांच्या पुतळ्यांची मोडतोड झाली, आणि त्यातले कित्येक राणीच्या बागेत हलवले गेले. तिथे तो भग्नपणाच इतिहास सांगतो. राग कोणाचा, कशावर होता, हे अखंड पुतळ्याने कधी सांगितले नसते.

आणि आपला नाणेघाट? तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते. आज पावलांच्या खुणा उरल्या आहेत आणि वर ब्राह्मी लिपीत नावे: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सातकर्णी. १८२८ मध्ये कर्नल साइक्सने हे लेख पाहिले आणि नंतर जगापुढे आणले. पुतळे कोणी फोडले, ते मात्र कुठे कोरलेले नाही. पाऊस, दगडातली भेग, माणसाचा हात, यातले काहीही पुराव्याशिवाय ठामपणे सांगणे ही अफवा झाली, तारीख नव्हे. उर्दूत इतिहासाला तारीखच म्हणतात.

बाजारात त्या पावलांना भाव नाही. पण नावे आणि जागा शाबूत असल्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचे एक राजघराणे आपल्याला ओळखता येते. तेच दगड उचलून कोणाच्या बंगल्याच्या बागेत नेले असते, तर ते नुसते दगड राहिले असते.

म्हणून शेतात, वाड्यात असे काही सापडले तर घासूनपुसून धुऊ नका, रंगवू नका, जागेवरून हलवू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, तहसील कचेरीत कळवा. कोणी फोडला हा प्रश्न त्यानंतर विचारू, आणि सगळ्यांनी मिळून विचारू.